घर बांधायला काढताय? आधी वाळू, गवंडी, पाणी आणि पैसा यांचं वेळापत्रक जुळवा

लातूर-धाराशिव भागातील ग्रामीण घरबांधणी : अडचणी, बदल आणि घरमालकाने घ्यायची काळजी

'घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण लग्न चार दिवसांत उरकतं, घर मात्र दोन-दोन, तीन-तीन वर्षं रेंगाळतं. औसा, निलंगा, लोहारा, उमरगा, कळंब, कोणत्याही तालुक्यात रस्त्याने जाताना जोत्यावर थांबलेली घरं दिसतात. कॉलमच्या सळया गंजत उभ्या असतात आणि भिंती स्लॅबची वाट पाहत असतात.

कारण विचारलं की उत्तर एकच मिळतं, 'पैसे संपले'. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. पैसा हातात असतो तेव्हा मजूर मिळत नाही. मजूर मिळतो तेव्हा पाणी नसतं. पाणी येतं तेव्हा वाळू बंद होते. काम थांबतं, तोवर भाव बदलतात आणि घरासाठी ठेवलेला पैसा दुसरीकडे खर्च होतो. ग्रामीण घरबांधणीची खरी अडचण ही आहे. सिमेंटचा भाव आपल्या हातात नाही, कामाचा क्रम मात्र आहे.

गावात घरमालकच बिल्डर

शहरात फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डर असतो आणि बिल्डरवर रेरा कायदा असतो. महाराष्ट्रात महारेरा मे २०१७ पासून काम करते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे किंवा ८ पेक्षा जास्त सदनिकांचे विक्रीसाठीचे प्रकल्प तिथे नोंदवावे लागतात. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

गावात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला यातलं काहीच लागू होत नाही. नकाशा गवंड्याच्या डोक्यात असतो. सळई किती टाकायची ते सेंट्रिंगवाला सांगतो. माल दुकानदार सुचवेल तो येतो. इंजिनिअर असलाच तर बँकेच्या कागदापुरता. स्लॅब गळला, भिंतीला तडा गेला तर जबाबदार कोण? गवंडी दुसऱ्या गावच्या कामावर गेलेला असतो. म्हणून देखरेख, मोजमाप आणि हिशेब ही तिन्ही कामं घरमालकालाच करावी लागतात.

वर्षाचं गणित : एक असतं तेव्हा दुसरं नसतं

आपल्या भागात घराला लागणारा पैसा बहुतेक वेळा सोयाबीनचा असतो. तो दिवाळीच्या आगेमागे हातात येतो. नेमक्या त्याच वेळी ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. बीड, धाराशिव आणि लातूरच्या काही तालुक्यांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. गवंडी सहसा ऊस तोडायला जात नाही, पण त्याच्या हाताखालचा बिगारी जातो. चांगले कारागीर पुणे, हैदराबादच्या कामांवर असतात. तिथे रोज जास्त आणि काम बारमाही.

मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात, शेतीची कामंही सरलेली असतात. तेव्हा विहिरी आणि बोअर आटायला लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, हे अजून कोणी विसरलेलं नाही. प्यायला टँकर असताना स्लॅबवर पाणी कुठून मारायचं? मग ज्या स्लॅबला दहा-चौदा दिवस पाणी हवं, त्याला तीन-चार दिवसच मिळतं. ते नुकसान तेव्हा दिसत नाही. चार-पाच पावसाळ्यांनी छताचे पोपडे सुटायला लागले की कळतं.

जून आला की पाणी येतं, पण पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद असतो. साठ्यातली वाळू महाग मिळते आणि मजूर पेरणीला लागलेला असतो.

जोतं उन्हाळ्यात, स्लॅब दिवाळीनंतर

यावर उपाय नवा नाही. जुने लोक घर दोन हंगामांत बांधायचे. तीच पद्धत आजही सोयीची पडते.

एप्रिल-मे महिन्यांत पाया खोदून जोत्यापर्यंतचं काम करून घ्यावं. जमीन कोरडी असल्याने खोदाई सोपी जाते. एकूण खर्चाच्या मानाने या टप्प्याला पैसा कमी लागतो आणि पाणीही बेताचं. जोत्यात मुरूम भरून ठेवला की पावसाळ्यात भराव आपोआप बसतो. घाईने भराव करून लगेच फरशी टाकली की वर्षभरात ती खचते, हा अनुभव घरोघरी आहे.

दिवाळीनंतर सोयाबीनचा पैसा आला की भिंती आणि स्लॅब घ्यावा. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात विहिरीला पाणी असतं, ऊन कडक नसतं, त्यामुळे काँक्रीट चांगलं पिकतं. बिगारी कमी असले तरी स्लॅबचं काम मिक्सरवाल्या टोळीकडून एका दिवसात होतं. गवंड्याला मात्र दसऱ्याआधीच बोलून ठेवावं लागतं. गिलावा, फरशी, रंग ही कामं हातात पैसा येईल तशी करता येतात. छत झालं की माणूस आत राहायला जाऊ शकतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात उघड्या राहणाऱ्या कॉलमच्या सळयांना सिमेंटची घट्ट लापशी लावून ठेवावी, म्हणजे गंज कमी लागतो. आणि दिवाळीनंतर लागणारी वाळू मे अखेरपर्यंत रॉयल्टीच्या पावतीसह आणून झाकून ठेवावी. बिनपावतीची वाळू स्वस्त वाटते, पण ट्रॅक्टर पकडला गेला की ॲडव्हान्सही जातो आणि कामही थांबतं.

घरकुलाचं अनुदान : कुठे पुरतं, कुठे अडतं

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून सुरू आहे. सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. हा आकडा तेव्हापासून तोच आहे. याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळू शकतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजार रुपयांची वाढ जाहीर केली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी आहेत. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचंही धोरण आहे.

आता हिशेब करून पाहू. योजनेत किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं घर अपेक्षित आहे. बांधकामातला ठोकताळा असा की चौरस फुटाला साधारण ०.४ बॅग सिमेंट, ३ ते ४ किलो स्टील आणि १.८ घनफूट वाळू लागते. म्हणजे स्लॅबच्या छोट्या घरालाही जवळपास १०८ बॅगा सिमेंट, ८ क्विंटल स्टील आणि पावणेपाच-पाच ब्रास वाळू झाली.

सिमेंटची बॅग ३५० रुपये आणि स्टील ६० रुपये किलो धरलं, तर नुसत्या सिमेंट-स्टीलचे ८५ हजारांच्या वर होतात. तुमच्या दुकानातला आजचा भाव घालून आकडा बदलून घ्या. मूळ १ लाख २० हजारांतून वीट, खडी, दारं-खिडक्या आणि गवंड्याची मजुरी यांना ३५ हजारही उरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याने थोडा हात मोकळा झाला, पण गणित पूर्ण बदललं नाही.

दुसरी अडचण हप्त्यांची. पैसे टप्प्याटप्प्याने येतात. पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचा हप्ता हवा तर ठरलेलं काम झालेलं दिसलं पाहिजे, त्याचा जागेवरून फोटो अपलोड झाला पाहिजे. म्हणजे आधी स्वतःचा पैसा घालायचा, मग सरकारचा येणार. ज्याच्याकडे घालायला नाही तो दुकानात उधारी करतो किंवा बचत गट, फायनान्स कंपनीकडून उचलतो. अनुदान येईपर्यंत व्याज चालू राहतं. म्हणून मंजुरी येताच घराचा आकार वाढवू नये. एकदम तीन खोल्यांचं जोतं घेऊन अडकण्यापेक्षा एक खोली आणि स्वयंपाकघर स्लॅबसह पूर्ण करावं आणि पुढे वाढवायला जागा ठेवावी. घर मंजुरीपासून १२ महिन्यांत पूर्ण करायचं असतं, हेही लक्षात ठेवा.

वाळू : नदीची, क्रश आणि कच

मांजरा, तेरणेची वाळू पूर्वीसारखी मिळत नाही. त्यामुळे दगड फोडून केलेली क्रश वाळू आता तालुक्याच्या ठिकाणी सर्रास वापरली जाते. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये कृत्रिम वाळूसाठी स्वतंत्र धोरण आणलं. आयएस ३८३ या भारतीय मानकात अशी वाळू मान्य आहे. तिला घाबरायचं कारण नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. क्रशरवर खडी फोडताना खाली पडणारी कच किंवा डस्ट म्हणजे क्रश वाळू नव्हे. कच स्वस्त असते, पण तिच्यात भुकटी फार. भुकटीने काँक्रीट पाणी जास्त मागतं, पाणी वाढलं की ताकद घटते आणि बारीक तडे जातात. बिल करताना 'वॉश केलेली क्रश सँड' असं लिहून घ्या.

घरी करता येण्यासारखी तपासणी सोपी आहे. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, पाणी घालून हलवा आणि दोन-तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागापेक्षा जास्त दिसला तर ती वाळू स्लॅबला वापरू नका.

मापातही लक्ष हवं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब आणि ६ फूट रुंद असेल, तर एका ब्रासला आत २० इंच उंचीपर्यंत वाळू हवी. टेप लावून पाहायला पाच मिनिटं लागतात.

स्टील वजनाने, पाणी मापाने

सळईचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे. मिलीमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मीटरच्या पूर्ण सळईचं वजन साधारण असं हवं :

- ८ मिमी : ४.७४ किलो
- १० मिमी : ७.४ किलो
- १२ मिमी : १०.६७ किलो
- १६ मिमी : १८.९६ किलो

थोडाफार फरक मानकात चालतो. पण १२ मिमीची सळई नऊ-साडेनऊ किलोच भरत असेल तर ती १२ ची नाही. नगावर घेतली तर पैसे पूर्ण जातात आणि लोखंड कमी येतं. किलोवर घेतली तरी स्लॅबमध्ये ताकद कमीच पडते.

सिमेंटच्या बॅगेवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते पाहून घ्या. तीन महिन्यांच्या वरचं सिमेंट स्लॅबला नको. काँक्रीटमध्ये पाणी किती, यावरून तर सगळ्यात जास्त नुकसान होतं. १ : १.५ : ३ या मालात एका बॅगेला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं मानक सांगतं. मिक्सरवर पाइप सोडून माल पातळ केला जातो, कारण पातळ माल ओढायला हलका जातो. मजुराची सोय होते, पण स्लॅब कमकुवत होतो. मोजून बादल्या ठेवा आणि पाइप बाजूला काढा.

स्लॅब पडल्यावर त्यावर आळी करून पाणी भरून ठेवायचं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस. बाजारात बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं, त्याला किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. १५ फुटांच्या आतल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि बीमचे १४ दिवस, हे किमान आहे. पीपीसीला आणखी थोडे दिवस द्यावेत.

किल्लारीचा धडा अर्धाच घेतला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवमधली ७,९०० हून अधिक माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या पहाटे माणसं दगावली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचं वजन अंगावर पडल्याने. लोकांनी त्यातून एक धडा घेतला : दगड-माती नको, कॉलम-बीम हवं. आज गावोगाव तसंच बांधलं जातं.

पण नुसते कॉलम उभे केले म्हणजे घर भूकंपाला टिकतं असं नाही. गावात नऊ बाय नऊ इंचाचा कॉलम सर्रास घालतात. भूकंपरोधक रचनेच्या २०१६ च्या मानकात कॉलमची लहान बाजू ३०० मिमी, म्हणजे १२ इंच सांगितली आहे. रिंगा आठ-आठ, नऊ-नऊ इंचांवर बांधल्या जातात आणि त्यांची टोकं काटकोनात वाकवलेली असतात. धक्क्यात अशी रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. टोक १३५ अंशांत, म्हणजे पार आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात गेलं पाहिजे. कॉलम आणि बीमच्या जोडाजवळ रिंगा दाट हव्यात. यासाठी लागणारं जादा लोखंड फार नसतं, बांधणाऱ्याला माहीत असणं मात्र गरजेचं असतं.

एकमजली छोट्या घराला दुसरा मार्गही आहे. भिंतीवर भार घेणारं पक्क्या विटांचं घर, त्याला जोत्यावर, दरवाजा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी. नीट बांधलं तर ते कच्च्या कॉलम-बीमपेक्षा स्वस्त पडतं आणि सुरक्षितही असतं. निम्मे कॉलम आणि निम्म्या भिंती असं धेडगुजरी काम मात्र टाळा.

काळ्या मातीवर बांधणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तिरपे तडे देते. पाया काळी ओलांडून मुरमापर्यंत नेणं हा पहिला उपाय. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर पाया असलेल्या पाइलचा विचार करावा आणि त्यासाठी इंजिनिअर घ्यावाच. घराभोवती तीन-चार फूट पक्का उताराचा कट्टा केला तर पाणी पायात मुरत नाही.

काय काय बदलतंय

वीटभट्टीच्या लाल विटेबरोबर आता फ्लाय ॲशची वीट आणि सिमेंटचे ब्लॉक दिसतात. परळीच्या औष्णिक केंद्रामुळे राख जवळ मिळते. हलके एएसी ब्लॉकही तालुक्यापर्यंत आलेत. त्यांनी काम लवकर उरकतं आणि खोली थोडी थंड राहते, पण जोडायचा मसाला वेगळा लागतो. नेहमीच्या गवंड्याला त्याची सवय नसेल तर सांध्यांना तडे जातात.

सागवानी चौकटीच्या जागी ग्रॅनाइटची किंवा सिमेंटची चौकट आली. सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, म्हणून स्लॅबवर दक्षिणेकडची सावली नसलेली जागा आधीच मोकळी ठेवलेली बरी. यूट्यूबवर पाहून नकाशा पसंत करणारेही वाढलेत. नकाशा पाहायला हरकत नाही, पण त्यातली सळई आपल्या जमिनीसाठी ठरवलेली नसते.

कागद आधी, कुदळ नंतर

बँकेचं कर्ज अडतं ते बहुतेक वेळा जागेच्या कागदावर. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं दिली जात आहेत. तुमच्या गावचं झालं आहे का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. गावठाणात जागाच नसलेल्या घरकुल लाभार्थ्यांना जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. पंचायत समितीत अर्ज करता येतो.

राज्याच्या २०२१ च्या निर्णयानुसार ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला नगररचना कार्यालयाकडे जावं लागत नाही. तरी नकाशा आणि मालकीची कागदपत्रं ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. शेतजमिनीवर किंवा एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर बांधणार असाल, तर खरेदीआधीच तलाठ्याकडे अकृषिक आणि तुकडेबंदीची स्थिती तपासा.

काम देण्याआधी एवढं करा

- गवंड्याशी उक्तं काम ठरवलं तरी साध्या कागदावर करार करा. दर, कोणती कामं धरली, कोणत्या टप्प्याला किती पैसे, सगळं लिहा.
- शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा.
- पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयवरून द्या, मालाच्या पावत्या जपा. पैसे घेऊन घर बांधून देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा आहे. काम बिघडलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पण पुरावा लागतो.
- स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी, सळई बांधून झाल्यावर, एकदा तरी इंजिनिअरला बोलवा. त्याची फी एका ट्रॉली वाळूच्या खर्चापेक्षा फार वेगळी नसते. बांधलेल्या सळईचे फोटोही काढून ठेवा, काँक्रीट पडल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.
- गवंडी आणि बिगाऱ्यांना बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला सांगा. वर्षभरात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर नोंदणी होते.
- स्लॅबच्या दिवशी वरून विजेची तार जात असेल तर आधी महावितरणला कळवा. लांब सळई उभी करताना होणारे अपघात जीवघेणे असतात.

यंदा ज्यांना घर काढायचं आहे, त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढावं. पैसा, माणूस, पाणी आणि वाळू कोणत्या महिन्यात हाती असेल, ते चार रंगांनी खूण करून पाहावं. ज्या महिन्यात चारही खुणा एकत्र येतात, तो महिना स्लॅबसाठी राखावा. मुहूर्त त्यातच पाहता येतो.